क्रूसाचे गाणे आणि मराठी कान

माळेगाव बुद्रुक हे नीरेच्या डाव्या कालव्याच्या पाण्यावर वाढलेले उसाचे गाव. आज त्याचे नाव निघते ते साखर कारखान्यामुळे. पण या टापूची एक कमाई उसाच्या आधीची आहे: ऐकण्याची सवय. शेजारच्या बारामतीत बाबूजी नाइकांच्या आश्रयाला मोरोपंत (१७२९–१७९४) पुराणिक म्हणून राहिले आणि कऱ्हेच्या काठी त्यांनी आर्यांचा डोंगर रचला. एकट्या रामायणाच्याच त्यांनी शंभरावर तऱ्हा केल्या, कारण तीच कथा पुन्हा ऐकायला माणसे बसत होती. दरवर्षी तुकोबांची पालखी बारामती, काटेवाडी, इंदापूर करत पंढरीला जाते आणि वाटेवरच्या गावांना कीर्तनाचा शेजार मिळतो. याच भागात, उत्तरेला दौंड तालुक्यात, केडगावला पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशन उभारले आणि तिथे येशूच्या मरणाची गाणी मराठीत घुमू लागली. मोरोपंतांची आर्या, तुकोबांचा अभंग आणि क्रूसाचे गाणे या तिन्ही गोष्टी ऐकणारा कान एकाच मातीचा होता. तरीही मराठी ख्रिस्ती गाण्याचा इतिहास लिहिताना आपण सगळी पाने गाणे रचणाऱ्यांवर खर्च करतो. ऐकणाऱ्याने काय केले, हा प्रश्न राहून जातो. माझे म्हणणे असे की वधस्तंभाच्या गाण्याचे मराठीत जे झाले ते मुख्यतः ऐकणाऱ्यांनी केले. मिशनऱ्यांनी गोष्ट आणली, पण ती कुठल्या कानाने ऐकायची हे इथल्या माणसांनी आपल्या जुन्या सवयीने ठरवले, आणि त्या ठरवण्यात गोष्टीचा भारही थोडा हलला.

ती जुनी सवय नेमकी काय होती, हे रमाबाईंइतके नेमके दुसऱ्या कोणी सांगितलेले नाही. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणिक, आणि रमाबाई स्वतः त्या कुटुंबाबरोबर तीर्थोतीर्थी पुराणे वाचत वाढल्या. १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या वर्णन करतात की देवळात किंवा घाटावर बसून संस्कृत पोथी मोठ्याने वाचायची, लोकांनी येऊन बसायचे, ऐकायचे, फुले-फळे-पैसे ठेवायचे आणि जायचे. अर्थ कळला पाहिजे अशी कोणाची अट नव्हती. ऐकण्यातच पुण्य होते. पुढे ख्रिस्ती झालेल्या रमाबाईंना ही रीत पोकळ वाटली आणि साध्या बायकांना कळावे म्हणून त्यांनी अख्खे बायबल सोप्या मराठीत आणण्याचा ध्यास घेतला. ते १९२४ साली, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, पुरे छापून निघाले. त्यांचा राग समजण्यासारखा आहे, पण त्यांच्याच वर्णनात दुसरी बाजूही दडलेली आहे. या समाजाला तास न् तास बसून, ठाऊक असलेली गोष्ट पुन्हा ऐकण्याचा सराव होता. गोष्टीचा शेवट माहीत असणे हा त्याला रसभंग वाटत नव्हता. क्रूसाच्या गाण्याला याहून तयार श्रोता कुठे मिळणार? त्या गाण्याचाही शेवट पहिल्या ओळीपासून ठाऊक असतो.

हे सर्वांत आधी ओळखले ते गोव्यातल्या एका इंग्रजाने. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आला, सासष्टीत राहिला, भाषा शिकला आणि १६१६ साली राशोलला त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे हे काव्य. मला त्यातली सर्वांत मोलाची जागा अगदी सुरुवातीची वाटते. पहिल्याच अवस्वरूत, म्हणजे अध्यायात, एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीगुरूंपुढे मागणे मांडतो: जुनी पुराणे तुम्ही सोडायला लावलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला काही द्या. म्हणजे कवी स्वतः सांगतो की हा ग्रंथ श्रोत्याच्या मागणीवरून झाला. हा काव्यातला बनाव असेल, असे कोणी म्हणेल. असू द्या. बनाव असला तरी तो कोणता केला हे बोलके आहे. धर्माचे सार सांगणारी प्रश्नोत्तरी स्टीफन्सने वेगळी लिहिलीच होती आणि पाठ करून घ्यायला ती पुरेशी होती. तरीही पुराण लागले, कारण पाठांतराने ऐकण्याची भूक भागत नव्हती. रविवारी सायंप्रार्थनेनंतर आणि सणावारी हे पुराण चर्चमध्ये वाचले-गायले जाई. वसईकडेही याच शतकात, १६५९ सालचे म्हणून ओळखले जाणारे, फ्रान्सिस्को वाझ द गिमराइशचे मराठी पुराण आहे आणि त्याच्या तर नावातच ख्रिस्ताचे दुःखदायक मरण आहे. ख्रिस्ताच्या चरित्रातला कुठला भाग ऐकायला माणसे बसत, हे त्या नावावरूनच उमजावे.

पण इथे एक अडचण होती, आणि ती लहान नव्हती. मराठी श्रोत्याला देवाच्या गोष्टी ऐकायची सवय होती, देवाच्या मरणाच्या नव्हे. कृष्णाला व्याधाचा बाण लागतो हे भागवताच्या एकादश स्कंधात आहे. त्यावरची एकनाथांची टीका १५७३ साली, म्हणजे स्टीफन्स गोव्यात पाऊल ठेवण्यापूर्वी सहा वर्षे, पुरी झाली होती. तिथे तो प्रसंग निजधामाला जाण्याचा आहे. बाण लागला तरी दुखले कोणाला, असा एकंदर सूर. देव देह धरतो आणि टाकतो, ही त्याची लीला; तिचे कौतुक करायचे, शोक करायचा नाही. क्रूसाची गोष्ट अशी ऐकली तर ती तिथेच संपते. खिळे खरे, रक्त खरे, तहान खरी, हे मान्य केल्याशिवाय तिच्यात काही उरत नाही. मग लीलेच्या सवयीचा कान त्या गोष्टीत कसा शिरला? मला उत्तर तत्त्वज्ञानात दिसत नाही, नात्यात दिसते. पुत्र मरताना आई पायथ्याशी उभी आहे, हे चित्र कुठल्याही लीलेला दाद देत नाही. जात्यावरच्या ओव्यांत लेकासाठी जीव टाकणाऱ्या बाईला मारियेचे दुःख कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. शिवाय मराठीत लीलेचा बांध फुटण्याची एक ठरलेली जागा आधीपासून होतीच: आळंदी, कार्तिक वद्य त्रयोदशी. ज्ञानदेवांच्या १२९६ च्या समाधीचे अभंग नामदेवांच्या नावावर आहेत. त्यांत कोणीही तत्त्व सांगून गप्प बसत नाही. निवृत्तिनाथ थोरला भाऊ आणि गुरू, तोही कोसळतो. समाधी संजीवन आहे, ज्ञानदेव मरत नाहीत, हे गाणाऱ्याला माहीत आहे, ऐकणाऱ्यालाही माहीत आहे, आणि तरीही त्या दिवशीच्या कीर्तनाला डोळे कोरडे राहत नाहीत. जो जातो तो परत आपलाच आहे हे ठाऊक असून रडायचे, ही शिस्त मराठी श्रोत्याने शतकानुशतके गिरवली आहे. उत्तम शुक्रवारी दुपारी बारा ते तीन चर्चमध्ये बसून येशूच्या क्रूसावरच्या सात उद्गारांवरची प्रवचने आणि मधली गाणी ऐकणारा मराठी ख्रिस्ती नेमके हेच करतो. रविवारी कबर रिकामी असणार हे त्याला पाठ आहे.

समाधीचे उदाहरण पुरे पडत नाही, असा आक्षेप येईल, आणि तो बरोबर आहे. ज्ञानदेव स्वेच्छेने गेले, त्यांना कोणी मारले नाही. येशूला सरकारने, धर्मपीठाच्या आग्रहावरून, चोरांच्या रांगेत टांगले. त्या हिंसेला मराठीत जोड कुठली? इथे श्रोत्याची जात पाहावी लागते, आणि मराठी ख्रिस्ती इतिहास लिहिणाऱ्यांनी हे टाळू नये. अमेरिकन मराठी मिशन १८१३ साली मुंबईत आले, १८३१ साली अहमदनगरला पोचले, आणि पुढे नगर-शिरूर पट्ट्यात जे मोठ्या संख्येने ख्रिस्ती झाले ते महार आणि मांग. या समाजांकडे चोखोबा होते: देवळाबाहेर ठेवलेला, छळ सोसलेला, आणि १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना भिंतीखाली सापडून गेलेला संत. तो भक्त म्हणून गेला आणि मजूर म्हणूनही गेला. त्याची हाडे विठ्ठलाचे नाव घेत होती म्हणून नामदेवांनी ती ओळखून पंढरीला नेली, ही कथा ज्यांच्या घरात सांगितली जात होती त्यांना अपमानाने मेलेला देवमाणूस नवा नव्हता. आणि एक शब्द पाहा. येशूचा क्रूस उचलायला कुरेनेच्या शिमोनाला वाटेत धरले, त्या ठिकाणी मराठी बायबलात ‘वेठ’ आली आहे. इंग्रजीत हा प्रसंग वाचणाऱ्याला तो सक्तीचा एक तपशील वाटतो. गावकीची कामे बिनमोल करणाऱ्या, पाटलाच्या निरोपासरशी ओझे उचलून पुढच्या गावच्या शिवेपर्यंत पळणाऱ्या माणसाला ‘वेठ’ म्हणजे काय हे खांद्याला ठाऊक होते. महार वतने कायद्याने रद्द झाली ती १९५८ साली. त्याआधीच्या प्रत्येक उत्तम शुक्रवारी हा शब्द ऐकणाऱ्यांत वेठ केलेली माणसे बसलेली होती. शिमोन त्यांच्यातला होता. हे कुठल्या मिशनऱ्याने योजून केले असे मला वाटत नाही. तो शब्द भाषेने दिला आणि श्रोत्याने भरला. अमेरिकेतल्या काळ्या गुलामांच्या ‘वेअर यू देअर’ या गाण्याचे असेच आहे. ते १८९९ साली विल्यम बार्टनच्या संग्रहात प्रथम छापले गेले आणि त्याचे नावच ऐकणाऱ्याला विचारलेला प्रश्न आहे. ज्यांनी आपली माणसे झाडाला लटकलेली पाहिली त्यांच्या तोंडी तो प्रश्न दोन हजार वर्षे मागचा राहत नाही. आपल्याकडे सोलापूर-सांगली-कोल्हापूरकडच्या गावांत मोहरमला करबलच्या रिवायती गातात, त्यांतही हिंदू गाणारे-ऐकणारे हुसेनच्या तहानेपाशी असेच थांबतात. परक्या देशातले, परक्या धर्मातले मरण आपल्या गावच्या चौकात आणून बसवणे मराठी माणसाला अवघड गेलेले नाही.

गोष्ट पोचायला अवघड झाली ती दुसऱ्याच कारणाने. एकोणिसाव्या शतकात क्रूस मराठी माणसापुढे आधी वादात आला, गाण्यात नंतर. १८३१ साली मुंबईत मोरभट दांडेकर आणि मिशनरी जॉन विल्सन यांची जाहीर झुंज झाली, दोन्हीकडून पुस्तके निघाली. पुढे विष्णुबावा ब्रह्मचारी समुद्रकिनाऱ्यावर वाद घालू लागले. वादात क्रूस हा मुद्दा असतो: मारला गेला तो देव कसा, आणि एकाच्या मरणाने दुसऱ्याचे पाप कसे फिटेल? मुद्द्याला मुद्दा मिळतो आणि दोघेही आपापल्या घरी जातात. त्याच काळातली भाषांतरित गीतेही फारशी कामाची नव्हती. आयझॅक वॉट्सच्या घराण्याची इंग्रजी वृत्ते, चार ओळींच्या चौकोनात कोंबलेले संस्कृत शब्द, आणि वरून ऑर्गनची विलंबित चाल. मराठीत जोर कुठे पडतो याचा तिला पत्ता नाही. प्रॉटेस्टंटांनी ‘वधस्तंभ’ हा शब्द घेतला. अर्थाला अचूक, पण गाताना तोंडात दगड. ‘क्रूस’ दोन अक्षरांत मावतो, गोव्याकडचा ‘खुरीस’ त्याहून मऊ. गायकाला आणि ऐकणाऱ्याला या गोष्टींचा फरक पडतो, धर्मशास्त्र्याला पडत नाही. १८६० च्या दशकात नगरकडे कृष्णाजी रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले तेव्हा ही कोंडी फुटू लागली. पूर्वरंग, उत्तररंग, साकी, दिंडी, टाळ, मृदंग हा सारा सरंजाम श्रोत्याच्या ओळखीचा. कीर्तनात श्रोत्याला काम असते. धृपद उचलायचे, टाळी धरायची, कीर्तनकार थांबला की आपण पुढे न्यायचे. भाषांतरित गीताने त्याला केवळ पुस्तक धरून उभे केले होते. मग १८९५ साली नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा झाला आणि अभंग, ओवी, पदे यांचा पूर आला. मराठी उपासनेत आजही टिळकांची शेकडो गीते आहेत. आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापाशी आलो हे टिळक उघड सांगत. ऐकणाऱ्यांसाठी ते उलट्या दिशेनेही खरे होते: टिळकांच्या क्रूसाच्या पदात त्यांना तुकोबा ऐकू येत होते.

यावर तीन हरकती घेतल्या जातात. पहिली नेहमीची, की ही माणसे दुष्काळात धान्यासाठी ख्रिस्ती झाली, त्यांच्या रडण्याचे काय घेऊन बसलात? १८७६–७८ च्या दुष्काळात आणि नंतर अनेकांनी मिशनचा आधार घेतला हे खरे आहे. पण धान्याने फार तर रजिस्टरात नाव कसे लागले ते कळते. धान्य संपल्यावर, परदेशी पैसा आटल्यावर, चार पिढ्यांनंतर माणसे उत्तम शुक्रवारी काम टाकून तीन तास का बसतात, याचे उत्तर त्यात नाही. दुसरी हरकत हुशार आहे: पुराण काय, कीर्तन काय, हा मिशनऱ्यांचा डावपेच होता, परक्या मालाला देशी गोणपाट. स्टीफन्सच्या मनात डावपेच होता, यात मला शंका नाही. पण डाव टाकणाऱ्याच्या हाती राहिला का, ते पाहायला हवे. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढला की गोव्यातल्या लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. डाव मांडणाऱ्यांच्याच सत्तेला देशी भाषा नकोशी झाली होती. पुराण मात्र चालू राहिले. गोवा सोडून कानडा मुलखात गेलेली कुटुंबे ते बरोबर घेऊन गेली, आणि १९०७ साली मंगळूरला जोसेफ साल्ढाणांनी त्याची आवृत्ती काढली ती तिथल्या घरांत जपलेल्या हस्तलिखितांवरून.

तिसरी हरकत मला सर्वांत गंभीर वाटते, कारण ती ख्रिस्ती लोकांच्या आतून येते. ती अशी की मराठी श्रोता क्रूसापाशी रडतो ते येशूच्या दुःखाने, स्वतःच्या पापाने नाही. त्याने प्रायश्चित्ताची करुणरसात घसरण केली. प्रॉटेस्टंट उपदेशकाला हवे असलेले अश्रू वेगळे होते. १९०५ च्या जूनअखेर केडगावला मुक्ती मिशनमध्ये जी जागृती झाली तिच्या हकिगतींत मुली आपापली पापे कबूल करत मोठ्याने रडल्या, सगळ्या एकदम प्रार्थना करू लागल्या, असे वर्णन येते. मिशनच्या जगात त्या बातमीचा केवढा डंका झाला! ते रडणे आत वळलेले होते; कीर्तनातले रडणे समोरच्याकडे वळलेले असते. या दोहोंत फरक आहे हे मी मान्य करतो, आणि मराठी गाण्याने दुसऱ्या बाजूला झुकते माप दिले हेही. घसरण मात्र मी म्हणणार नाही. ज्याच्याशी नाते नाही त्याच्यापुढे कसला अपराध वाटणार? आळंदीच्या कीर्तनात श्रोता आधी ज्ञानदेवांचा होतो, मग संन्याशाची पोरे म्हणून त्यांना छळणाऱ्या गावात आपणही होतो की काय, हे त्याला टोचू लागते. मराठी ख्रिस्ती गाणे याच क्रमाने चालते: आधी ओळख, मग ओढ, आणि मग लाज. इंग्रजी उपदेशाला क्रम उलटा हवा होता, एवढेच.

ऐकणारा मागे कागद ठेवत नाही, तेव्हा हे सारे तर्क कशावर, असे विचारले जाईल. पण तो कागद ठेवतो, आपण त्याला रचणाऱ्याचा कागद समजतो. ‘ख्रिस्तपुराण’ १६१६, १६४९ आणि १६५४ असे तीनदा छापले गेले. त्या तिन्ही छापांची एकही प्रत आज हाती नाही. जे उरले ते हाताने उतरून घेतलेले. अकरा हजार ओव्या बोरूने उतरवायला किती दिवस बसावे लागले असेल याचा हिशेब ज्याने त्याने करावा. छापील पुस्तक मिळेनासे झाल्यावरही वाचून दाखवायला पोथी पाहिजेच, असे वाटणाऱ्या माणसांनी ते केले. दुसरा पुरावा टिळकांच्याच घरात आहे. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य टिळकांनी हाती घेतले, पण १९१९ साली ते गेले तेव्हा सुरुवातीचे दहा-अकरा अध्यायच झाले होते. पुढचे डोंगराएवढे काम त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी केले. शाळेचे तोंड न पाहिलेली ही बाई घरी-दारी कीर्तने, पुराणे, बायकांची गाणी ऐकत घडली होती, म्हणजे आधी श्रोती, नंतर कवयित्री. अटक, खटला, क्रूस हे सगळे अध्याय त्यामुळे तिच्या वाट्याला आले. त्याच सुमाराला त्यांच्या आठवणींची ‘स्मृतिचित्रे’ही चालू होती. १९३६ साली त्या गेल्या, आणि १९३८ साली ‘ख्रिस्तायन’ छापून आले.

शब्द असे राहिले. चालींचे तसे नाही. गीतपुस्तकात गाण्याच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून एखाद्या जुन्या पदाचे नाव असते, आणि ते मूळ पदच आता कोणाला येत नाही. बारामती, इंदापूर, दौंड, शिरूर या पट्ट्यात तुमच्या ओळखीची एखादी म्हातारी उत्तम शुक्रवारची गाणी पुस्तक न उघडता म्हणत असेल, तर या वर्षी तिच्यापाशी बसा, फोन सुरू ठेवा, आणि गाणे झाले की एवढेच विचारा, ‘आजी, ही चाल तुम्हाला कोणी शिकवली?’